जुन्या लॅपटॉपास भंगारांत घालावें काय ?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या शाळेची अडगळीची खोली साफ करण्याचें काम निघालें. मोडक्या बाकांमागें चार जुने लॅपटॉप सांपडले. तीन सन २०१० च्या सुमाराचे. चौथा त्यांहून दहाएक वर्षांनीं वडील, काळा आणि विटेसारखा जड. प्रत्येकावर कोणीं तरी खडूनें 'निकामी' असें लिहून ठेविलें होतें. भंगारवाला तराजू घेऊन दारांत उभाच होता. त्यानें चौघांचें मिळून जें मोल सांगितलें, तें एका क्रिकेटच्या बॅटीसहि पुरलें नसतें. तरीहि आम्ही स्वतः विकून टाकण्याच्या मताचे होतों. ही गोष्ट आरंभींच कबूल करणें बरें. कारण पुढें जें सांगावयाचें आहे तें मत बदललेल्या मनुष्याचें सांगणें आहे, जन्मजात शौकिनाचें नव्हे.

सौदा त्या दिवशीं तसाच राहिला, आणि त्याच आठवड्यांत आमचे एक माजी विद्यार्थी शाळेंत आले. त्यांची कन्या हल्लीं आमच्या आठवींत आहे. सन २००१ च्या वार्षिकांत त्यांनीं 'आजीच्या रानभाज्या' असा एक निबंध लिहिला होता. पहिल्या पावसानंतर कसाऱ्याच्या रानांत कोणती भाजी कोठें उगवते, शेवळें खाल्ल्यावर घशास खाज सुटूं नये म्हणून त्यांत काकडें कां घालावीं लागतात, टाकळा कोवळा असतांनाच कां खुडावा, हें सर्व आजीच्या तोंडून ऐकून त्यांनीं लिहून काढिलें होतें. आजी आतां नाहींत. घरचा अंक घर गळून भिजला. शाळेची प्रत पाहूं गेलों, तों ती वाळवीनें खाल्लेली. "सर, मुलीला आजीचं तेवढं वाचून दाखवायचं होतं," एवढेंच ते बोलले.

त्या अंकाचा मजकूर एका सीडीवर ठेविलेला होता. ती आम्हीं कार्यालयांतील नव्या संगणकावर लाविली. मजकूर उघडला, पण पडद्यावर मराठीचें एक अक्षर दिसेना. सारा इंग्रजी अक्षरांचा व टिंबा-कंसांचा गोंधळ !

असें कां झालें, हें मुलांस समजावून सांगितलें पाहिजे. जगांतील सर्व लिप्यांतील अक्षरांस एकच सामाईक क्रमांक असावे म्हणून युनिकोड निघालें, व सन १९९१ च्या त्याच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें. परंतु विंडोज वापरणाऱ्या सामान्य संगणकांवर देवनागरी जोडाक्षरांसह नीट उमटूं लागली ती विंडोज २००० आल्यानंतर. आणि तिचा वापर सर्वत्र रुळावयास त्यापुढेंहि पुष्कळ वर्षें लागलीं. तोंपर्यंत आपल्याकडील छपाईवाल्यांनीं एक युक्ति चालविली. इंग्रजी अक्षराच्या जागीं मराठी अक्षराचा एखादा तुकडा, काना किंवा वेलांटी बसवावयाची. यंत्राच्या पोटांत इंग्रजी अक्षर, आणि डोळ्यांपुढें मराठी. ज्या यंत्रांत तो विशिष्ट फॉन्ट आहे त्याच्यावर सर्व ठीक. ज्यांत नाहीं तेथें गोंधळ. शिवाय अशा मराठी प्रणालींपैकीं कित्येकींस, चोरून नक्कल होऊं नये म्हणून, एक कुलूपवजा खुंटी लागे. संगणकाच्या पाठीमागें पंचवीस पिनांची जी जागा असे, तींत ती खोंवल्याशिवाय प्रणाली काम करीत नसे. आजच्या लॅपटॉपास ती पंचवीस पिनांची जागाच उरलेली नाहीं.

आमच्या अडगळींतील त्या वडील लॅपटॉपाच्या पाठींत ती खुंटी अजून तशीच खोंवलेली होती.

हल्लीं आय. टी. आय. मध्यें शिकणारे आमचे दोन माजी विद्यार्थी शनिवार-रविवारीं येऊन त्यास बसले. त्यांनीं तेवढ्याच व्होल्टचा चार्जर शोधून आणिला, धूळ झाडली, घड्याळाची गोल बॅटरी बदलली. तिसऱ्या प्रयत्नास पडदा उजळला, आणि चोवीस वर्षांपूर्वीं टंकिलेला आमचा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षरन् अक्षर वाचतां आला. पडद्याचीं छायाचित्रें काढून त्या गृहस्थांच्या कन्येनेंच तो निबंध युनिकोडांत नव्यानें टंकून काढिला. तिला आठ दिवस लागले. शेवळ्यांची कृति टंकितांना दोन शब्द तिला अडले. ते तिनें घरीं विचारून आणिले.

भंगारवाल्याच्या तराजूंत ज्या यंत्राचें मोल कांहींच ठरलें नव्हतें, त्याच्यावांचून हें काम आमच्या हातून झालें नसतें. तेव्हांपासून आमचें असें मत झालें आहे कीं, यंत्र निकामी झालें कीं नाहीं हें त्याच्या वयावरून ठरवितां येत नाहीं. त्याच्याजोगें काम कोणतें, हें आपण शोधिलें आहे कीं नाहीं, यावरून तें ठरतें. वाचकांपुढें मांडावयाचें तें एवढेंच. परंतु ह्या मतास मर्यादा आहेत, व त्याहि स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

जुने लॅपटॉप जिवंत ठेवणें हा जगांत पुष्कळांचा छंद आहे. सन १९८१ मध्यें अमेरिकेंत ऑसबर्न-१ नांवाचा संगणक विक्रीस आला. उचलून नेण्याजोगा म्हणून ज्या संगणकांचा प्रथम मोठा खप झाला त्यांपैकीं तो एक. उचलून नेण्याजोगा म्हणावयाचा, परंतु वजन सुमारें ११ किलो ! पडदा अवघा ५ इंचांचा, व किंमत १,७९५ डॉलर. झांकण लाविलें कीं तो शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसे. तो काढणारे ॲडम ऑसबर्न यांचें बालपण आपल्याच देशांत, तामिळनाडूंतील तिरुवण्णामलै येथें गेलें, आणि सन २००३ मध्यें कोडाईकनाल येथें त्यांचा अंत झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक नसेल. त्यांच्या कंपनीचें दिवाळें सन १९८३ मध्येंच निघालें. कंपनी गेली, तरी तिचीं यंत्रें दुरुस्त करून चालविणारीं माणसें आजहि आहेत.

सन १९८३ मध्येंच टीआरएस-८० मॉडेल १०० नांवाचा दुसरा एक लहान संगणक निघाला. तो जपानच्या क्योसेरा कंपनीनें बनविलेला. पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी. टॉर्चमध्यें घालतों तशा चार लहान सेलांवर तो सुमारें २० तास चाले. कळ दाबली कीं तत्क्षणीं लिहावयास तयार. वार्ताहरांस तो फार प्रिय झाला, कारण बातमी जागच्या जागीं टंकून टेलिफोनच्या तारेनें कचेरींत धाडतां येई. ह्या यंत्राचे शौकीन आज तें उघडून त्यांतील पाझरलेली जुनी बॅटरी काढून टाकितात, बिघडलेले कपॅसिटर बदलतात, आणि पुन्हा त्यावर लेख, रोजनिशी, पत्रें लिहितात. कां लिहितात ? कारण त्या यंत्रावर लिहिण्यावांचून दुसरें कांहीं फारसें होत नाहीं. मध्येंच कोणाचा निरोप येत नाहीं, चित्र हलत नाहीं, घंटी वाजत नाहीं. ज्यांस आपण त्याची उणीव म्हणावें, त्याच गोष्टी लिहिणारास उपयोगी पडल्या.

ह्या छंदिष्टांची रीत पाहिली तर तींत तीन नियम दिसतात. पहिला, यंत्र उघडून पाहावयाचें. दुसरा, जो भाग झिजतो तेवढाच बदलावयाचा. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : यंत्रास झेपेल असें एकच काम नेमून द्यावयाचें.

हा तिसरा नियम कसाऱ्याच्या मुलांस वेगळा शिकविण्याची गरज नाहीं. आपल्या स्टेशनांतून इगतपुरीकडे जाणारी गाडी घाट चढतांना ३७ फुटांस १ फूट इतकी चढण चढते. त्यासाठीं कसाऱ्यास गाडीस मागून जादा इंजिनें लावितात, आणि इगतपुरीस तीं सोडवून घेतात. ह्या बँकर इंजिनांस कोणी नागपुरास जा असें सांगत नाहीं, आणि नागपुरास जात नाहीं म्हणून कोणी त्यांस निकामीहि म्हणत नाहीं. त्यांचें काम तेवढ्या घाटापुरतें, पण त्यांच्यावांचून गाडी वर जात नाहीं. याच घाटांत एके काळीं चालणारें 'मगर' जातीचें एक इंजिन मुंबईस वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रांत ठेविलेलें आहे. तें पाहावयास मुलांना अवश्य न्यावें. परंतु जपून ठेवणें वेगळें आणि कामास लावणें वेगळें. आम्ही येथें दुसऱ्या गोष्टीविषयीं बोलत आहों.

आतां जवळचें उदाहरण. कल्याणास आपल्या रेल्वेचे दोन फांटे होतात; एक आपल्याकडे येतो, दुसरा कर्जताकडे जातो. त्या कर्जत तालुक्यांतील खैराट ह्या लहानशा गांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत सन २००७ मध्यें वीसएक मुलांस हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ नांवाचे लॅपटॉप मिळाले. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ह्या अमेरिकेंतून निघालेल्या योजनेचा भारतांतील हा पहिला प्रयोग. निकोलस निग्रोपाँटी यांनीं सन २००५ मध्यें ही कल्पना जगापुढें मांडितांना १०० डॉलर किंमत सांगितली होती. प्रत्यक्षांत ती जवळजवळ दुप्पट झाली. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानें तर सन २००६ मध्येंच ह्या योजनेस नकार दिला होता. तरी खैराटच्या मुलांच्या हातीं तीं यंत्रें आलीं.

हें यंत्र कसें होतें तें पाहण्याजोगें आहे. स्मृति २५६ मेगाबाइट, सांठवण १ गिगाबाइट, आजच्या साध्या फोनापेक्षांहि कमी. पण पडदा असा कीं भर उन्हांत अंगणांत बसूनहि वाचतां यावा. कळफलक रबरी, म्हणजे धूळ-पाणी आंत जाऊं नये. फिरणारी तबकडी नाहीं, पंखा नाहीं. म्हणजे झिजणारे भागच थोडे. साध्या स्क्रू-ड्रायव्हरनें तें उघडतां येई, आणि त्याच्या मुठींत कांहीं जादा स्क्रू ठेवून दिलेले असत, कीं दुरुस्ती करतांना एखादा हरवला तर काम अडूं नये. ज्यानें ते स्क्रू तेथें ठेविले, त्यानें गृहीत धरिलें होतें कीं हें यंत्र एखादें मूल स्वतः उघडील. आज दुकानांत जे कागदासारखे पातळ लॅपटॉप मिळतात, त्यांपैकीं अनेकांची बॅटरी डिंकानें चिकटविलेली व स्मृति मुख्य पाटीवरच डागलेली असते. तेथें असें कांहीं गृहीत धरिलेलें दिसत नाहीं. तथापि खैराटच्या गोष्टींतून आम्हीं आणखी एक बोध घेतला. जादा स्क्रू यंत्राबरोबर येऊं शकतात. ते पिळणारा हात मात्र गांवांतच तयार व्हावा लागतो.

असा हात तयार होण्यास फार मोठी विद्या लागते असें नाहीं. आमच्या शाळेंत दोन महिने जें झालें तें थोडक्यांत सांगतों, म्हणजे ज्यांच्या घरीं असें यंत्र पडून आहे त्यांस उपयोग होईल.

प्रथम बॅटरी. ती फुगलेली दिसली तर तिला टोंचूं नये, दाबूं नये, चार्ज करूं नये. जाणत्या मनुष्याकडून काढून घ्यावी. काढतां येण्याजोगी बॅटरी काढली तरी पुष्कळसे जुने लॅपटॉप तारेवर चालतात. मात्र आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, आणि ती गेली कीं तारेवरचें यंत्र तत्काळ बंद पडतें. यास्तव एका यंत्रापुरती तरी चांगली बॅटरी आम्हांस विकत घ्यावी लागली. दुसरी, घड्याळाची गोल बॅटरी, सी. आर. २०३२ ह्या नांवाची. ती संपली कीं यंत्र तारीख विसरतें व चालू होतांना कुरकुर करितें. ती हातघड्याळें दुरुस्त करणाराकडेहि मिळते. तिसरी, धूळ. पंखा व त्याच्या जाळींतील लोकर निघाली कीं वरचेवर तापून बंद पडणारें यंत्र शांत होतें. प्रक्रियकावरचा वाळलेला लेपहि तेव्हांच बदलावा. चौथी, हार्ड डिस्क. तींतील फिरती तबकडी वयानें मंदावते व एक दिवस दगा देते. तिच्या जागीं न फिरणारी एसएसडी घातली तर सन २०१० चें यंत्र आपलें वय विसरतें. हे भाग मुंबईंत ग्रँट रोडजवळ डॉ. भडकमकर मार्गावर, ज्यास लोक अजून लॅमिंग्टन रोड म्हणतात तेथें, नवे व वापरलेले दोन्ही मिळतात.

शेवटीं, यंत्र चालविणारी मूळ प्रणाली. जुन्या यंत्रास आजची भारी प्रणाली म्हणजे वासरास बैलाचें जूं. त्याऐवजीं लिनक्सचे हलके प्रकार विनामूल्य मिळतात. त्यांत मराठी टंकण्याची सोय असते. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनेंहि 'बॉस' नांवाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसह सन २००७ मध्यें काढली. परंतु येथेंहि काळ थांबलेला नाहीं. डेबियन नांवाची जी जुनी, प्रतिष्ठित लिनक्स प्रणाली आहे, तिनें ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून फार जुन्या, ३२-बिटी यंत्रांवर ती नव्यानें बसविण्याची सोय बंद केली. तेव्हां अगदीं वृद्ध यंत्रांनीं इंटरनेटच्या बाजारांत न जातां घरींच बसावें, हें शहाणपणाचें.

आमच्या चौघांपैकीं एक उठला नाहीं. त्याची मुख्य पाटीच जळाली होती. त्याचा पडदा आणि स्मृति इतर दोघांस लागली. उरले तीन. सर्वांत वडील तो जुने अंक वाचण्यापुरता. त्यास इंटरनेट कधींहि जोडावयाचें नाहीं, असें त्याच्यावर लिहून ठेविलें आहे, आणि त्यांतील सर्व मजकूर युनिकोडांत उतरवून घेण्याचें काम मुलें करीत आहेत. दुसऱ्यावर ग्रंथालयाची देवघेव नोंदली जाते आणि दुपारीं मुलें मराठी टंकलेखन शिकतात. तिसऱ्यावर 'किविक्स'च्या साह्यानें सन २००३ मध्यें सुरू झालेला मराठी विकिपीडिया उतरवून ठेविला आहे. नेटवर्क नसलें तरी तो वाचतां येतो. घाटाच्या पायथ्याशीं राहणारांस नेटवर्क नसणें म्हणजे काय, हें सांगावयास नको.

आतां आक्षेप. पालकसभेंत हा विषय निघाला तेव्हां डोळखांब बाजूच्या एका पालकांनीं उभें राहून विचारलें, "शहरवाल्यांनी टाकलेलं आमच्याच पोरांना कशापायी ? तिकडच्या शाळांत नवं आणि इकडं भंगार ?" सभा एकदम शांत झाली. आम्हांसहि तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं.

प्रश्न रागाचा होता, पण खोटा नव्हता. छंदिष्टांची आम्हीं वर जी स्तुति केली, तींत एक गोष्ट झांकली जाते. ज्याच्या मेजावर नवा संगणक आहे, तो हौसेनें जुना चालवितो. कंटाळा आला तर तो नव्याकडे वळतो. ज्याच्या घरीं एकहि नाहीं, त्याच्या हातीं जुनें यंत्र देऊन 'यावर भागवा' असें सांगणें हा छंद नव्हे, ती सक्ती आहे. शिवाय एक व्यवहारी भीति आहे. शाळेंत तीन जुनीं यंत्रें चालूं लागलीं कीं 'तुमचें तर भागतें आहे' असें म्हणून नवीं देण्याचें टाळतां येतें. गरिबानें काटकसर दाखविली कीं तीच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरिली जाते, हें आमच्या भागानें पुष्कळदां पाहिलें आहे.

म्हणून त्या पालकांच्या प्रश्नापासून आम्हीं तीन नियम घेतले, व ते शाळेच्या फलकावर लाविले आहेत. एक : परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्ति, बँकेचे व्यवहार व इंटरनेटवरील अभ्यास ह्यांसाठीं नवें, सुरक्षित यंत्रच पाहिजे, तें मागणें आम्ही सोडणार नाहीं, आणि जुन्या यंत्रांची गणना शाळेच्या संगणकसंख्येंत करणार नाहीं. दुसरा : देणगी म्हणून आलेलें जुनें यंत्र दात्यासमोर चालू करून पाहिल्याशिवाय घ्यावयाचें नाहीं, ज्यास आपलें अडगळीचें ओझें उतरवावयाचें आहे त्याचें ओझें शाळा वाहणार नाहीं. तिसरा : जें यंत्र मुलांनीं स्वतः उघडलें, दुरुस्त केलें व ज्याचें काम स्वतः ठरविलें, तेंच वर्गांत ठेवावयाचें. हा तिसरा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. दुसऱ्यानें टाकलेली वस्तु आणि आपण उभी केलेली वस्तु एकच असली तरी ती वापरणाराच्या मनांत दोन असतात. पहिली घेतांना मान खालीं जाते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. विंडोज १० ह्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ ही पुष्कळशा चांगल्या चालत्या यंत्रांस आपल्या अटींमुळें अधिकृतपणें बसत नाहीं. अशा यंत्रांचें काय करावें, असें अनेक पालक विचारतात. त्यांस आमचें सांगणें असें कीं, आधार संपलेल्या प्रणालीवर पैशाचा व्यवहार करूं नये, हें खरें. पण प्रणालीचा आधार संपला म्हणजे यंत्राचें आयुष्य संपलें, हें खरें नव्हे. तीं दोन वेगळीं आहेत. प्रणाली बदलून तेंच यंत्र आणखी कांहीं वर्षें सुरक्षितपणें चालवितां येतें. तारीख विकणारानें ठरविली म्हणून घेणारानें आपली बुद्धि त्या तारखेस गहाण टाकूं नये.

तिसरा आक्षेप, ह्या खटाटोपांत मुलांचा अभ्यासाचा वेळ जातो. जातो, हें आम्ही नाकारीत नाहीं. म्हणून हें काम फक्त शनिवारीं दुपारीं, आणि दहावीच्या मुलांस दिवाळीनंतर मनाई. परंतु विज्ञानाच्या पुस्तकांत व्होल्ट आणि ॲम्पियर वाचून जें डोक्यांत शिरलें नव्हतें, तें चार्जरच्या पाठीवरचे आंकडे ताडून पाहतांना एका मुलाच्या डोक्यांत शिरलें, हें आम्हीं समक्ष पाहिलें. इतका वेळ खर्च झाला तर तो आम्ही अभ्यासाच्या खातींच मांडूं.

ही गोष्ट केवळ आपल्या शाळेपुरती नाहीं. विकत घेतलेली वस्तु दुरुस्त करण्याचा ग्राहकास हक्क असावा, तिचे भाग व दुरुस्तीची माहिती त्यास मिळावी, असा विचार आतां सर्वत्र चालला आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें ह्यासाठीं समिति नेमली, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या माहितीचें एक संकेतस्थळहि सुरू केलें. सन १९९२ पासून निघालेल्या थिंकपॅड जातीच्या लॅपटॉपांवर जुन्या यंत्रांचे शौकीन आजहि जीव टाकतात, याचें एक कारण हेंच कीं ते कसे उघडावे व कसे जोडावे याचीं पुस्तकें कंपनीनें सर्वांस खुलीं ठेविलीं. माहिती उघडी ठेविली तर यंत्र जगतें.

आणि जें खरोखरच मेलें आहे त्याचें काय ? तें सुद्धां वाटेल त्या भंगारवाल्यास देऊं नये. तांब्यासाठीं तारा जाळणें किंवा पाट्या उघड्यावर तापविणें म्हणजे शिशासारखें विष हवेंत व मातींत सोडणें. आपल्या तालुक्यांतील तानसा, वैतरणा, भातसा ह्या जलाशयांचें पाणी मुंबई पिते. येथील मातींत जें मिसळेल त्याची जोखीम किती दूर जाते, हें ध्यानांत ठेवावें. ई-कचऱ्याचे सन २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, व त्यांनीं अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकिली आहे. आमच्या न उठलेल्या चौथ्या यंत्राचा सांगाडा आम्हीं वेगळा बांधून ठेविला आहे; नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे तो पोंचविल्यावर ही गोष्ट पुरी होईल.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही मोठे झालां म्हणजे नवीं यंत्रें घ्याल, आणि घ्यावींच. नव्याचा द्वेष करावा असें आम्ही म्हणत नाहीं. एवढेंच सांगणें आहे कीं, कोणतीहि वस्तु टाकण्यापूर्वीं ती एकदां उघडून पाहा, तिचा कोणता भाग थकला आहे हें शोधा, आणि उरलेल्या भागाजोगें काम तिला देतां येतें काय, ह्याचा विचार करा. ही संवय एकदां लागली कीं ती यंत्रापुरती राहत नाहीं.

पालकांस एक विनंति. ज्यांच्या घरीं सन २०१० च्या सुमाराचा लॅपटॉप पडून असेल त्यांनीं तो शनिवारीं दुपारीं मुलाबरोबर शाळेंत पाठवावा. आम्ही तो ठेवून घेणार नाहीं. आपलें मूल तो आपल्या देखत उघडील व चालूं लागल्यास घरीं परत आणील. स्क्रू-ड्रायव्हरांचा एक बारीक संच मात्र आम्हांस हवा आहे. तो कोणीं दिल्यास आनंदानें घेऊं. ज्यांच्याजवळ शाळेचे सन २००० ते २००५ चे छापील अंक असतील त्यांनींहि कळवावें, म्हणजे युनिकोडांत उतरविलेला मजकूर त्यांच्याशीं ताडून पाहतां येईल.

'आजीच्या रानभाज्या' हा निबंध ह्याच अंकांत पुन्हा छापिला आहे. तो टंकणारीचें नांव लेखकाच्या नांवाखालीं घातलें आहे.